स्कूबा शिकलेल्या मुलांना घेऊन पाण्याखाली भौतिकशास्त्र शिकवता येईल का?

तुमच्या अकरावीच्या वर्गातली चार मुलं तारकर्लीला स्कूबाचा कोर्स करून आलीत, त्यांच्याकडून प्रयोग करून घेता येतील का आणि त्यासाठी पुन्हा समुद्रच गाठावा लागेल का, असं तुम्ही विचारलंय. प्रयोग जरूर करा, समुद्राची गरज नाही. मी इंदुरात भौतिकशास्त्र शिकवतो, स्वतः स्कूबा शिकलोय आणि गेली चार वर्षं हे इथल्या एका तरणपुष्करात करतोय (पूलला आमच्याकडे तरणपुष्करच म्हणतात).

बॉयलचा नियम (तापमान तेच असेल तर दाब वाढेल त्या प्रमाणात हवेचं आकारमान घटतं) सगळ्यात ठळक दिसतो तो वरच्याच पाण्यात. समुद्रात पहिल्या 10 मीटरमध्ये हवेचं आकारमान निम्मं होतं. पुढच्या 10 मीटरमध्ये ते निम्म्यावरून फक्त एक-तृतीयांशावर येतं. म्हणून 3 मीटर खोली पुरते.

पहिल्या वर्षी आम्ही 100 मिलीचं प्लास्टिकचं मोजपात्र उलटं धरून 3 मीटरवर नेलं. आकडा आधी काढून वहीत लिहायचा, मगच पाण्यात उतरायचं, हा माझा नियम. पुस्तकाप्रमाणे वातावरणाचा दाब म्हणजे गोड्या पाण्याचा 10.3 मीटर उंचीचा स्तंभ. त्या हिशेबाने 77 मिलीच्या थोडं वर यायला हवं होतं. मुलगी वर आली, स्लेटवर 75. पुन्हा पाठवली, पुन्हा 75. मी म्हटलं, वाचताना चुकतेयस. ती म्हणाली, ‘‘सर, तुम्ही येऊन बघा ना.’’ गेलो. 75च होता.

दोन गोष्टी माझ्याच लक्षात आल्या नव्हत्या. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे. इथल्या हवेचा दाब पाण्याच्या सुमारे 9.7 मीटरइतकाच भरतो. त्याने एक मिली गेला. दुसरं, काठावरची हवा गरम होती आणि पाणी चारेक अंशांनी थंड, त्यामुळे हवा थंड होऊनही आकसली. त्याने आणखी एक. त्या दिवशी माझ्या वर्गाला जे समजलं ते मी फळ्यावर वर्षभरात शिकवू शकलो नसतो.

तेव्हापासून पहिलं वाचन काठावर घेतच नाही. एका टोकाला बंद असलेली मीटरभर लांब अ‍ॅक्रिलिकची नळी घेतो, वर पट्टी चिकटवलेली. तोंड खाली धरून ती उभी बुडवायची, आतली पाण्याची पातळी 1 मीटर खोलीवर आली की पाच मिनिटं थांबून हवेच्या स्तंभाची लांबी वाचायची. मग पातळी 3 मीटरवर आणून पुन्हा. खोली पातळीपर्यंत मोजायची, नळीच्या तोंडापर्यंत नाही, इथे मुलं हमखास चुकतात. दोन्ही वाचनं पाण्यातली, म्हणजे तापमानाची भानगड मिटली. दाब गुणिले लांबी दोन्हीकडे सारखी धरली की अज्ञात उरतो तो फक्त वातावरणाचा दाब. मुलं तो स्वतः काढतात, मग मोबाइलच्या बॅरोमीटरशी ताडून बघतात. इंदुरात उत्तर पाण्याच्या साडेनऊ ते दहा मीटरच्या दरम्यान आलं तर मी खुशाल शाबासकी देतो.

एक प्रयोग मात्र कधीही गाळू नका. 3 मीटरवर तीच नळी रेग्युलेटरच्या (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडाशी देणाऱ्या उपकरणाच्या) हवेने पूर्ण भरायची आणि सावकाश वर आणायची. वर येताना दाब घटून आतली हवा फुगते आणि नळीच्या तोंडातून बुडबुडे सुटतच राहतात. ती नळी म्हणजे आपली छाती. भरलेला श्वास रोखून सव्वा-दीड मीटर वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही. कोर्समध्ये मुलांनी हे पाठ केलेलं असतं, इथे दिसतं. आणि सोबत प्रमाणित प्रशिक्षक असल्याशिवाय कुणालाही उतरवू नका, मुलं कितीही तयार असली तरी.

आवाजाचा प्रयोगही सोपा आहे. डोळे मिटून बसवा आणि सिलिंडरवर ठोका मारा. आवाज कुठून आला ते सांगता येत नाही, कारण पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून वेगाने जातो आणि दोन कानांमधला वेळेचा फरक फार लहान होतो. खोल जाताना लाल रंग विरतो तो प्रयोग मात्र समुद्रासाठी ठेवा, 3 मीटरमध्ये फारसा दिसत नाही.

तुमच्या पूलची खोली आणि गावाची उंची कळवा, अपेक्षित आकडे काढून देतो.