कर्णबधिर मुलाची सारखं बोट दाखवायची सवय कशी मोडावी?

मोडू नका. तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांचा पुतण्या माणसांकडे बेधडक बोट दाखवतो, पाहुण्यांसमोर लाज वाटते. सांकेतिक भाषेत मी, तू, तो हे सगळं बोटानेच बोलतात. लाज कसली?

माझा दादा जन्मापासून कर्णबधिर. चुलतबहिणीच्या हळदीत तो आम्हा भावंडांना कारखान्यातला किस्सा सांगत होता. समोर नसलेल्या माणसाचं आधी नाव घ्यायचं, मग हवेत एका बाजूला बोट दाखवून त्याची जागा ठरवायची. किस्सा संपेपर्यंत ती जागा म्हणजेच तो माणूस. दादाने सुपरवायझरला डावीकडे बसवलं, लोकांचे डबे चोरून खाणाऱ्या हेल्परला उजवीकडे. नेमकी त्याच दिशेला, पार भिंतीशी, आत्या बसलेली. तिला दिसलं काय, तर बोट आपल्याकडे, पाठोपाठ 'चोर', आणि पोरं खो खो हसतायत. दादाचं तिच्याकडे लक्षही नव्हतं, नजर आमच्यावर होती. आत्या तडक उठली, न जेवता गेली, आणि बाबांनी भर मांडवात दादाच्या हातावर फटका मारला. शाळेतही तेच व्हायचं: हात खाली, ओठ बघ, बोल. १८८० साली इटलीत मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेत बहिऱ्यांच्या शिक्षणातून खुणा हद्दपार करायचं ठरलं, त्याचे फटके आमच्या गल्लीपर्यंत पोचले. (२०१० मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला तशाच परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त झाला. दादाला काय त्याचं!)

बोट म्हणजे नुसता इशारा म्हणणाऱ्यांनी संशोधक लॉरा-अ‍ॅन पेटिटो यांचा १९८७ चा अभ्यास बघावा. अमेरिकन सांकेतिक भाषा घरातूनच शिकणारी बहिरी मुलं तान्ही असताना माणसांकडे बोट दाखवत होती. मग काही महिने ते बंदच पडलं, आणि परत सुरू झालं तेव्हा 'मी' म्हणायच्या जागी समोरच्याकडे बोट! बोलायला लागलेली काही पोरंही त्याच सुमाराला मी-तूची गल्लत करतात. म्हणजे ते बोट नुसता इशारा नव्हता, शब्द होता.

हां, मुलाकडे बोटाशिवाय दुसरी एकही खूण नसेल तर मात्र त्याला भाषाच मिळत नाहीये, तिकडे लगेच बघा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ कोश फुकट आहे, पण नुसत्या कोशाने भाषा येत नाही, कर्णबधिर माणसांत जाऊन बसावं लागतं. आणि शिकायला एकट्या वहिनीला पाठवू नका. आमच्याकडे आई शिकली, मी शिकले. बाबांना वेळ नव्हता, दादाला काही सांगायचं असलं की ते अजून मला फोन करतात. भावाला पहिल्या तासापासून सोबत न्या. नको म्हणाला तर हे उत्तर वाचायला द्या.