म्हातारा कुत्रा अचानक तोल जाऊन पडतो, तेव्हा

प्रश्न : आमचा १३ वर्षांचा लॅब्रेडॉर सकाळी उठताना एका बाजूला कोसळला. मान तिरकी झाली आहे, बुबुळे आडवी थरथरतात आणि त्याला उलटीही झाली. हा अर्धांगवायू असेल का?
– एक वाचक, दादर

उत्तर : तसे असेलच असे नाही. तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात आणि मेंदूत असते. उतारवयातील कुत्र्यांमध्ये ती कोणतेही कारण न सापडता एकाएकी बिघडते, आणि पाहणाऱ्याला ते भयंकर वाटले तरी बहुतेकदा ७२ तासांत उतार पडू लागून दोन-तीन आठवड्यांत कुत्रा सावरतो. मान मात्र किंचित तिरकी राहू शकते.

तरीही आजच पशुवैद्यांना दाखवा. मुंबईच्या दमट पावसाळ्यात कानाचे संसर्ग वाढतात आणि ते आत उतरले तरी हीच लक्षणे दिसतात. घरात उरलेले थेंब कानात मुळीच घालू नका, कारण पडदा फाटलेला असल्यास काही औषधे आतल्या कानाला इजा करतात. बुबुळे वरखाली हलत असतील, पाय लुळे पडत असतील किंवा तो गुंगीत असेल, तर दोष मेंदूत असण्याची शक्यता वाढते, अशा वेळी थांबू नये.

तोवर गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरा, जिना टाळा, बाहेर नेताना पोटाखालून टॉवेलचा आधार द्या आणि पाणी तोंडाजवळ धरा, पण बळजबरीने पाजू नका.