बोट दादांचं, चूक कुणाची?

प्रश्न: आमचे दादा शेती करतात, सेलू तालुक्यात, कापूस आन सोयाबीन. फोनवर पिकाची नोंद भरायला बसले की दाबतात एक बटण आन लागतं शेजारचं, कधी तर चार चार वेळा दाबून पण काहीच होत नाही. घरातले हसतात मग ते फोन माझ्याकडं देतात, म्हणतात तूच भर माय, माझ्या बोटाला कळत नाही. मी बीएस्सी कॉम्प्युटरला आहे. या टचवर कुणी संशोधन करतं का?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर: करतात, आन खूप जीव लावून करतात. पण आधी घरच्यांचं हसणं बंद करा, कारण दादांच्या बोटाला बरोबर कळतंय, कमी कळतंय ते फोनला.

दादांचे त्रास दोन आहेत आन दोन्ही वेगळे. दाबून काहीच होत नाही ते कातडीमुळं. आजच्या फोनची काच दाब मोजतच नाही, काचेखाली बारीक तारांची जाळी असते तिच्यात थोडा विद्युतभार असतो, बोट जवळ आलं की तो बदलतो आन तेवढंच फोनला कळतं. आता कापूस वेचून, खुरपं धरून घट्टे पडलेलं बोट म्हणजे जाड कोरडी कातडी, त्यातून तो बदल फारच कमी होतो, मग कितीही जोर लावा काय फरक पडणार? बोट किंचित ओलसर करून टोकानं नाही, पेराच्या मांसल भागानं टेकवायला सांगा, काचेवर जाड टफन ग्लास असेल तर काढून बघा, काही फोनच्या सेटिंगमधे टच सेन्सिटिव्हिटी वाढवता येते ती वाढवा.

दुसरा त्रास म्हणजे शेजारचं बटण लागणं, आन मला सगळ्यात आवडणारं काम इथंच झालंय. जर्मनीत पॉट्सडॅमच्या हासो प्लाटनर इन्स्टिट्यूटमधे ख्रिस्टियन होल्झ आन पॅट्रिक बाउडिश या दोघांनी लोकांना बारीक खुणेवर बोट टेकवायला लावलं, बोट कधी उभं कधी आडवं कधी कलतं, आन प्रत्येक वेळी किती चुकतं ते मोजलं. तोवर सगळे म्हणायचे बोट जाड म्हणून चुकतं. यांना दिसलं की चूक कशीही होत नाही, ठरलेल्या बाजूला होते आन माणसागणिक वेगळी असते. 2011 च्या शोधनिबंधात त्यांनी कारण मांडलं: आपण नेम धरतो ते बोटाच्या वरच्या बाजूकडं बघून, नखाकडं बघून म्हणा ना, कारण डोळ्याला तेवढंच दिसतं, आन फोन हिशोबात धरतो तो बोटाखाली काचेला टेकलेल्या भागाचा मध्य. या दोन जागा एक नाहीतच! नेहमीच्या हिशोबानं चूक यायची 4 मिलिमीटर, वरून बघण्याचा हिशोब लावला की 1.6 वर आली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ स्वतःच्या बोटाकडंच बघत बसलो होतो.

अजून एक जुनं काम दादांच्या रोजच्या कामाचं आहे. 1988 ला अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन आन त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बोट टेकल्या टेकल्या निवड करण्यापेक्षा बोट उचलताना निवड केली तर चुका कमी होतात. आजही बहुतेक बटणं तशीच चालतात, म्हणून चुकीच्या बटणावर बोट पडलं तर घाबरून उचलायचं नाही, तसंच सरकवत बटणाच्या बाहेर न्यायचं आन मग उचलायचं, बटण लागतच नाही. दादांना एवढं एकच शिकवलं तरी निम्मा वैताग जाईल.

आपल्याकडं पण झालंय. आयआयटी मुंबईत अनिरुद्ध जोशी सरांच्या टीमनं स्वरचक्र कीबोर्ड केला, त्यात क दाबून ठेवला की भोवती का कि की कु असं चक्र उघडतं, हव्या बाजूला बोट सरकवून उचललं की अक्षर उमटतं. मराठी टाईप करायला दादांना तो देऊन बघा.

आन तुम्ही बीएस्सीला आहात तर प्रोजेक्ट पण हाच घ्या की! स्क्रीनवर एक फुली काढायची, गावातल्या लोकांना तिच्यावर बोट टेकवायला सांगायचं, फोन जो एक्स-वाय आकडा देतो, म्हणजे बोट आडवं-उभं नेमकं कुठं टेकलं ते, तो लिहून ठेवायचा. प्रत्येकाकडून तीस-चाळीस वेळा तरी घ्या. वेचणीच्या आधी एकदा आन वेचणी चालू असताना एकदा, त्याच माणसांचं, म्हणजे कामानं बोटात फरक पडतो का ते कळेल. पहिलं बोट दादांचं घ्या, आन आकडे आले की आम्हाला पाठवा, आम्ही वाट बघायलोत.