डच घरातल्या जुन्या वस्तू : तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात डच घरांमधल्या जुन्या वापरातल्या वस्तूंवर लिहिलं आणि कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजकडून एवढे मेसेज आले की खरंच बरं वाटलं. आपल्याकडची बरीच मुलं आयंडहोवन, अ‍ॅमस्टरडॅमला नोकरीला आहेत, आईबाबा उन्हाळ्यात जाऊन येतात आणि येताना बॅगेत काहीतरी जुनं घेऊन येतात, हे या पत्रांवरूनच कळलं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण थोडे प्रश्न घेतेय.

प्रश्न : ताई, मुलानं हॉलंडच्या जुन्या बाजारातून निळ्या पवनचक्कीची प्लेट आणलीय. मागं डेल्फ्ट, हँड पेंटेड, हॉलंड असं इंग्रजीत लिहिलंय. विकणारा म्हणाला ३०० वर्षं जुनी आहे. फोटो पाठवलेत, खरं असेल का? (राजारामपुरी)

उत्तर : नाही हो काकू, ३०० वर्षांची नाहीये. अमेरिकेनं १८९० मध्ये एक टॅरिफ कायदा केला आणि १८९१ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर कुठल्या देशात बनलाय ते लिहिणं सक्तीचं झालं, म्हणून मागं देशाचं नाव इंग्रजीत दिसलं की वस्तू बहुतेक त्यानंतरचीच समजायची, आणि हँड पेंटेड वगैरे लिहिलेली पवनचक्कीवाली प्लेट तर सरळ सरळ टुरिस्ट लोकांसाठी केलेली असते. प्लेट छान आहे, भिंतीवर लावा, पण ३०० वर्षांचा भाव दिला असेल तर तो जास्त झाला.

आता खरी जुनी कशी ओळखायची ते सांगते, कारण हे कळलं की पुढच्या वेळी मुलगा फसणार नाही. जुनं डेल्फ्ट, म्हणजे डेल्फ्ट या डच गावातली भांडी, हे पोर्सलेन (चिनी माती) नाहीच, ती साधी भाजलेली पिवळसर माती आणि तिच्यावर कथील घातलेला पांढरा ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर. हा ग्लेझ मातीला घट्ट धरून राहत नाही, त्यामुळे काठावर बारीक बारीक टवके उडतात आणि आतली माती दिसते. तुमच्या फोटोत काठ एकदम गुळगुळीत आहे. मग प्लेट उलटी करून बघायची, भट्टीत ती मातीच्या खुंट्यांवर टेकवून भाजायचे त्याचे तीन छोटे डाग राहिलेले असतात. चित्र भिंगाखाली धरा, जर निळा रंग बारीक ठिपक्याठिपक्यांचा दिसला तर ते छापलेलं आहे, हातानं काढलं असेल तर ब्रश टेकला तिथं गडद आणि पुढं जाताना फिकट होत गेलेलं दिसतं. तेव्हा चित्राचा आराखडा कागदावर काढून त्याला सुईनं भोकं पाडायचे आणि त्यातून कोळशाची पूड प्लेटवर झाडायचे, आपण दिवाळीत भोकाभोकाच्या कागदातून रांगोळी सोडतो अगदी तसं, आणि मग त्या ठिपक्यांवरून हात चालवायचा.

आणि हा सगळा उद्योग वाढला का, तर १६४४ मध्ये चीनमध्ये मिंग राजघराणं कोसळलं, तिथल्या गडबडीत युरोपात येणाऱ्या चिनी पोर्सलेनची आवक आटली आणि डेल्फ्टच्या कुंभारांनी ती जागा भरून काढली. गावातल्या बियरच्या भट्ट्या बंद पडत होत्या, त्याच मोठ्या इमारतींमध्ये यांचे कारखाने बसले. त्यातला १६५३ चा एक कारखाना आजही चालू आहे, रॉयल डेल्फ्ट म्हणतात त्याला. त्यांच्या १८७६ नंतरच्या मालावर मागं छोटी बाटली, तिच्याखाली गुंफलेली जेटी ही अक्षरं आणि डेल्फ्ट असा शिक्का असतो, सोबत १८७९ पासून वर्षाचं सांकेतिक अक्षरही असतं. तो शिक्का मिळाला तर वस्तू नेमक्या कुठल्या वर्षाची ते काढता येतं. शिक्क्याच्या नकला भरपूर आहेत मात्र, म्हणून मी आधी काठ बघते, मग पाठ आणि सगळ्यात शेवटी शिक्का.

एक राहिलं, जुन्या ग्लेझमध्ये शिसं असतं. तिच्यात जेवायला वाढू नका, दही-लोणचं तर अजिबात नको.

प्रश्न : ताई, माझ्याकडे एक चौकोनी लाकडी पेटी आलीय, वर पाच भोकं, एक बाजू पूर्ण उघडी, वर तारेचं हँडल. सासूबाई त्यात धूप घालतात. नक्की काय आहे हे? (इचलकरंजी)

उत्तर : ही पाय शेकायची पेटी! मला फार आवडते ही वस्तू. डच लोक स्टोफ म्हणतात. उघड्या बाजूनं आत मातीची छोटी वाटी सरकवायची, वाटीत पीटचे (दलदलीतून काढून वाळवलेलं जळण) किंवा कोळशाचे निखारे, आणि वर पाय ठेवून बसायचं. बायका पायघोळ घागऱ्याच्या आत घ्यायच्या म्हणजे ऊब बाहेर जात नसे. दगडी चर्चमध्ये हिवाळ्यात तासन् तास बसायचं म्हणजे हिच्याशिवाय कुणाचं चालत नव्हतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये व्हर्मीर या १७ व्या शतकातल्या डच चित्रकाराचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र आहे ना, त्यात उजवीकडे खाली जमिनीवर हीच पेटी ठेवलेली आहे आणि तिच्या मागं भिंतीच्या पायथ्याला निळ्या डेल्फ्ट टाइल्सची ओळ आहे, कोणी तिकडं गेलं तर मुद्दाम वाकून बघा.

तुमची पेटी खरंच वापरलेली आहे का ते असं बघा : भोकांच्या कडा आतल्या बाजूनं करपलेल्या पाहिजेत आणि वरची फळी टाचेच्या जागी झिजून किंचित खोलगट झालेली पाहिजे. वरून एकसारखी चकचकीत, भोकं आतून कोरी म्हणजे शोभेसाठी केलेली. फळीवर काही कोरीव नक्षी किंवा साल असेल तर अजून एक फोटो पाठवा. सासूबाईंना म्हणावं धूप घाला, पण निखारा थेट लाकडावर नको, मातीच्या पणतीत ठेवून सरकवा, मूळ पद्धत तीच आहे.

प्रश्न : तांब्याचं झाकणाचं भांडं आणलंय, निखारे विझवायचं आहे म्हणे. बाहेरून काळं, आतून तर काजळीच. पितांबरीनं घासू का? आणि आतून कल्हई करून घेऊ का? (मंगळवार पेठ)

उत्तर : दादा, थांबा! दोन्ही करू नका. रात्री चुलीतले निखारे यात टाकून झाकण लावलं की हवा तुटायची, निखारे विझायचे आणि अर्धवट जळलेला कोळसा सकाळी परत चूल पेटवायला कामाला यायचा, आगीची भीतीही नाही. यात अन्न कधी गेलंच नाही मग कल्हई कशाला? ती आतली काजळी हाच पुरावा आहे की भांडं वापरातलं आहे. चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो सगळं लांब ठेवा, एकदा घासलं की उठावाच्या नक्षीच्या कडा कमी होतात आणि त्या परत येत नाहीत. कोमट पाणी, थोडासा साबण, मऊ फडकं, लगेच कोरडं करायचं, बास. अंगावरचा सांधा बघा, जुन्या भांड्यात पत्र्याची दोन टोकं दात्यात दाते घालून पितळेनं जोडलेली असतात, तांब्यावर पिवळी नागमोडी रेघ दिसते. ओळखीचा जुना तांबट असेल तर त्याला दाखवा, तो बघताक्षणी सांगेल.

प्रश्न : कॉलेजला आहे, बजेट नाही. कुठून सुरुवात करू? (कागल)

उत्तर : पत्र्याचे डबे. ड्रॉस्टे कोको, व्हान नेल्ले चहा-कॉफी, फेरकाडे बिस्किटं. ड्रॉस्टेच्या डब्यावर एक नर्स हातात ट्रे घेऊन उभी असते, ट्रेमध्ये तोच डबा, त्यावर परत तीच नर्स, हे चित्र १९०४ च्या आसपासचं, आणि चित्रात चित्राच्या या प्रकाराला जगभर ड्रॉस्टे इफेक्टच म्हणतात. गंज आतून बघ, बाहेरचे ओरखडे चालतात. दुसरं म्हणजे केएलएम या डच विमान कंपनीची चिनी मातीची छोटी निळी-पांढरी घरं, १९५२ पासून विमानात देतात, हल्ली लांबच्या प्रवासाच्या बिझनेस क्लासमध्ये, दरवर्षी ७ ऑक्टोबरला नवीन घर येतं आणि प्रत्येकाला नंबर असतो. नात्यात कुणी जात असेल तर सांगून ठेव. तिकडं कुणी २७ एप्रिलला असेल तर सोनंच, राजाच्या वाढदिवसाला लोक घरातलं जुनं सामान रस्त्यावर मांडून विकतात आणि दुपारनंतर भाव पडतात. बाकी वर्षभर क्रिंगलोप नावाची सेकंडहँड दुकानं गावोगाव आहेत.

प्रश्न : वेंगुर्ल्याला डच वखार होती ना? मग तिथं जुन्या डच वस्तू, नाणी मिळतील का? मित्र मेटल डिटेक्टर घेऊन जाऊ म्हणतोय. (शाहूपुरी)

उत्तर : वखार होती, १७ व्या शतकातली, तिचे अवशेष आजही उभे आहेत आणि शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या वेंगुर्ल्याच्या डचांच्या पत्रांत सापडतात, एवढी ती जागा मोलाची आहे. म्हणूनच कळकळीनं सांगते, डिटेक्टर घेऊन जाऊ नका. जमिनीत सापडलेलं १० रुपयांवरचं घबाड कलेक्टरला कळवायला लागतं, १८७८ चा कायदा आहे आणि तो लागू आहे. शिवाय उकरून काढलेली वस्तू कुठल्या थरात होती हे एकदा गेलं की ती वस्तू मुकी होते. आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममधली पोसायडनची (ग्रीकांचा समुद्रदेव) छोटी ब्राँझ मूर्ती बघितलीय का? ती कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर रीतसर उत्खननात मिळाली, म्हणून आज आपण छातीठोक सांगू शकतो की रोमन माल इथपर्यंत येत होता. कुणी खिशात घालून नेली असती तर काय कळलं असतं?

नाणी हवी असतील तर डच ईस्ट इंडिया कंपनीची (व्हीओसी) डॉइट नावाची तांब्याची छोटी नाणी घ्या, १८ व्या शतकातले, मधे मोठा व्ही, त्याच्या दोन दांड्यांवर ओ आणि सी, खाली साल, मागं प्रांताचं चिन्ह. खूप पाडले होते म्हणून महाग नाहीत. कडेला ओतकामाची रेघ किंवा अक्षरं साबणासारखी गोल झालेली दिसली तर नकली. बिल घ्याच, आणि भारतातली १०० वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे नेदरलँडच्या मित्राला भेट म्हणून डॉइट पाठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.