वाचकांचे प्रश्न : तुसाचा कोळसा, सुपरकपॅसिटरसाठी

प्रश्न : भाताचे तूस नायट्रोजनमध्ये ५०० अंश सेल्सिअसवर भाजून कोळसा केला. तिप्पट पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून ८०० अंशांवर तासभर तापवला, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतला. तरी त्याच्या सुपरकपॅसिटरची (झटपट चार्ज होणारे, वीज साठवणारे साधन) धारकता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, जेमतेम येते आणि जलद चार्जिंगला आणखी घसरते. कुठे चुकते?

उत्तर : बहुधा धुण्यात. तुसाच्या वजनात १५ ते २० टक्के राख असते, तीही बहुतांश सिलिका. भाजताना बाकीचे बरेचसे उडून जाते, सिलिका मागे उरते. त्यामुळे कोळशात राख निम्म्याच्या आसपास भरते. तापवताना तिचे पोटॅशियम सिलिकेट होते. ते पाण्यात विरघळते, पण त्यावर थेट आम्ल ओतले की सिलिकाचा चिकट जेल होऊन छिद्रे बुजतात. म्हणून आधी गरम पाण्याने चार-पाचदा धुवा, नंतर आम्ल, मग सामू ७ येईपर्यंत पुन्हा पाणी.

त्याहून बरे म्हणजे सिलिका आधीच काढणे. कोळसा २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ८०-९० अंशांवर दोन तास ढवळा, गाळा, धुवा, वाळवा. मगच तिप्पट वजन मोजा, नाहीतर ते तिप्पट नेमके कशाचे, हेच कळत नाही. खात्री हवी असेल तर तयार कार्बन १ ग्रॅम उघड्या हवेत ७५० अंशांवर पूर्ण जाळून उरलेले वजन करा. १०-२० मिलिग्रॅमपेक्षा जास्त उरले तर धुणे बाकी आहे.

मूस (तापवण्याचे भांडे) निकेलची घ्या. काच, क्वार्ट्झ, चिनी माती हायड्रॉक्साइड खाऊन टाकतो. भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत नायट्रोजन बंद करू नका. ८०० अंशांवर धातुरूप पोटॅशियमची वाफ निघते, ती नळीच्या थंड टोकाला साचते आणि पाणी लागले की पेटते.

जलद चार्जिंगमधली घसरण मात्र इलेक्ट्रोडवरच्या लेपामुळेही असू शकते. तुमचा कार्बन, कार्बन ब्लॅक (वीजवाहक काजळी), बाइंडर (कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) वजनाने ८०:१०:१० घ्या. बाइंडर वाढला की रोध वाढतो. आणि तुलना जपून करा! तीन इलेक्ट्रोडच्या मापनातला (म्हणजे एकाच इलेक्ट्रोडचा) आकडा, दोन सारख्या इलेक्ट्रोडच्या सेलमध्ये दोन्हींच्या एकूण वजनाने भागला तर, चौथाई होतो. पुष्कळदा ‘जेमतेम’ असते ते एवढेच.

प्रश्न : हाच कोळसा सोडियम-आयन बॅटरीत चालेल?

उत्तर : नाही. छिद्रांमुळे तयार झालेल्या एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर पहिल्याच चार्जमध्ये थर जमतो आणि त्यात सोडियम अडकून पडते. तिथे सक्रियण (हायड्रॉक्साइडसह तापवून छिद्रे पाडणे) वगळून, राख काढलेला कोळसा १२०० ते १४०० अंशांवर तापवतात.