घोणस चावल्यावर बंद पडलेली किडनी परत चालू झाली, मग पायाचं मांस का मेलं?

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगते. भातकापणीत तुमच्या बाबांना घोट्याजवळ घोणस चावली. घरच्यांनी पोटरीला सुंभ आवळून बांधला, आधी गावातल्या एका जाणकाराकडे नेलं, मग ग्रामीण रुग्णालयात सापाची लस सुरू झाली आणि तिथून गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवलं. लघवी बंद झाली, डायलिसिस लागलं, पण काही आठवड्यांत किडनी सुधारली. घोट्याजवळचं मांस मात्र काळं पडलं आणि कापून काढावं लागलं. आता तर अख्खी पोटरीच बारीक दिसते. तुम्ही विचारताय की विष एकच असताना एका ठिकाणी पेशी मेल्या आणि दुसरीकडे वाचल्या, हे कसं?

मी सिंधुदुर्गात पॅथॉलॉजिस्ट आहे. कापणीच्या दिवसांत असे रुग्ण आमच्याकडे दरवर्षी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. बाबांच्या किडनीतल्याही पेशी मेल्याच होत्या. असा रुग्ण आला की त्याची जी थोडीफार लघवी मिळते तिचा थेंब आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. त्यात मातकट तपकिरी रंगाचे, दाणेदार, लांबट साचे दिसतात. किडनीतल्या बारीक नळ्यांच्या मेलेल्या पेशींचा तो गाळ असतो, नळीत साचून नळीच्याच आकाराचा झालेला. म्हणजे मरण दोन्हीकडे होतं. पुढचं सगळं मागे काय उरलं त्यावर ठरलं.

पेशीवर संकट येतं तेव्हा ती लगेच मरत नाही. रक्त कमी पडलं की प्राणवायू कमी पडतो आणि पेशीतली ऊर्जा घटते. सोडियम बाहेर फेकणारे पंप थंडावतात, सोडियमपाठोपाठ पाणी आत शिरतं आणि पेशी फुगते. इथपर्यंत परत फिरता येतं. रक्तपुरवठा सुरू झाला तर फुगलेली पेशी पूर्ववत होते. पण पेशीचं आवरण फाटलं, कॅल्शियम आत घुसलं आणि ऊर्जा बनवणारी मायटोकाँड्रिया कायमची बिघडली की मग रक्त परत आलं तरी उपयोग नसतो. ही मुदत प्रत्येक पेशीची वेगळी. रक्त पूर्ण थांबलं तर मेंदूच्या पेशी जेमतेम ३ ते ५ मिनिटं तग धरतात, हृदयाच्या २० ते ३० मिनिटं, पायाचे स्नायू दोन-तीन तास.

आता बाबांच्या घोट्याकडे या. घोणशीच्या विषात अनेक द्रव्यं असतात. काही थेट पेशींचं आवरण तोडतात. काही बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीखालचा आधाराचा पडदा विरघळवतात, त्यामुळे रक्त आजूबाजूच्या मांसात झिरपतं. काही रक्त गोठवणारे घटक इतक्या वेगाने खर्च करतात की शेवटी रक्त गोठायचंच बंद होतं. हे ओळखायची सोपी चाचणी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत (प्लॅस्टिकच्या नाही) दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. चांगलं रक्त तोवर गोठून बसलेलं असतं. घोणस किंवा फुरसं चावून विष भिनलेल्याचं बऱ्याचदा पाण्यासारखं वाहतं. ती २० मिनिटं नातेवाईक लॅबच्या दारात उभे असतात आणि नळी तिरकी केल्यावर काय दिसलं ते त्यांना आमच्या चेहऱ्यावरच कळतं.

म्हणजे घोट्याजवळ विषाचा साठा सगळ्यात जास्त, तिथल्या रक्तवाहिन्या फुटलेल्या, वर सूज, आणि त्यात सुंभ. सुंभाने विष थांबत नाही, पण पायाला जाणारं रक्त अडतं. आधीच मरणाच्या उंबरठ्यावर असलेल्या पेशींचा वेळ त्याने आणखी कमी होतो. तुमच्या घरच्यांनी ते जीव वाचवायच्या धडपडीत केलं, गावोगावी तेच करतात. तरीही सांगायला हवं: बांधू नका, कापू नका, चोखू नका. पाय हलू देऊ नका आणि जिथे लस आहे तिथे थेट न्या.

लसीबद्दलही गैरसमज असतो. ती रक्तात फिरणारं विष निकामी करते. जे मांस आधीच मेलंय ते ती जिवंत करू शकत नाही, म्हणून "विष उतरलं" तरी जखम काळी पडत गेली. अशा मांसाचा तुकडा आमच्याकडे येतो तेव्हा काचपट्टीवर विचित्र दृश्य असतं. पेशींच्या कडा जागच्या जागी दिसतात, पण आत केंद्रक नाही, किंवा पुसट होत चाललेलं. सगळं एकसारखं गुलाबी. घराच्या भिंती उभ्या आणि आत कोणी नाही, असं ते असतं. फुटलेल्या पेशींतला ऐवज बाहेर सांडला की पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज वाढते, आणि मेलेल्या मांसात जंतूंना आयतं खाद्य मिळतं. म्हणूनच सर्जनने ते कापून काढलं. ते योग्यच केलं.

सगळ्याच पेशी अशा फुटून मरत नाहीत, हेही सांगते. काही पेशी आतूनच ठरवून, शिस्तीत मरतात. आक्रसतात, तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात, ना सूज ना गाजावाजा. या मरणाला १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी अपोप्टोसिस हे नाव दिलं. गर्भात आपली बोटं सुटी होतात ती मधल्या पेशी अशा मरतात म्हणून. बाबांच्या किडनीत थोड्या पेशी अशाही गेल्या असणार, पण घोट्याचं काम मुख्यतः पहिल्या प्रकारचं.

मग किडनी सुधारली कशी? तिच्या नळ्यांच्या पेशी एका पातळ आधारपडद्यावर ओळीने बसलेल्या असतात. बाबांच्या पेशी मेल्या, पण तो पडदा बऱ्याच ठिकाणी शाबूत राहिला. मग वाचलेल्या पेशी चपट्या झाल्या, पसरल्या, विभागल्या आणि त्यांनी उघडी जागा भरून काढली. डायलिसिसने पेशी बऱ्या केल्या नाहीत, त्यांना वेळ मिळवून दिला. मध्ये एकदा लघवी भरमसाट झाली असं तुम्ही लिहिलंय, तेही यातच बसतं. नव्या पेशींना पाणी आणि क्षार नीट परत ओढून घेता येत नव्हते. स्नायूतही दुरुस्ती करणाऱ्या पेशी असतात, पण त्यांना आधारपडदा आणि रक्त दोन्ही लागतं, आणि घोट्याजवळ विषाने नेमकं तेच संपवलं. म्हणून तिथे व्रण उरला. घोणशीच्या काही रुग्णांत किडनीचा बाहेरचा थरच सरसकट मरतो आणि ती किडनी सहसा पूर्ण परत येत नाही. बाबांचं तसं झालं नाही, हे फार मोठं आहे.

पोटरीची गोष्ट निराळी आहे. तिथल्या पेशी मेलेल्या नाहीत. काही आठवडे पाय वापरात नव्हता, खाणंही कमी झालं, तेव्हा त्यांनी स्वतःचीच प्रथिनं मोडून आकार कमी केला. ही पेशींची जुळवून घ्यायची रीत आहे आणि ती उलट फिरते. फिजिओथेरपी सोडू नका, चालणं हळूहळू वाढवा, डॉक्टरांना विचारून आहारात मासे, अंडी, कुळीथ येऊ द्या. पोटरी भरेल.

किडनीतही आता अशीच तडजोड चालू असेल. काही नळ्या कायमच्या गेल्या असतील तर उरलेल्या मोठ्या होऊन त्यांचं काम करतात. त्यामुळे क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) नॉर्मल दिसतं, पण उरलेल्यांवरचा भार वाढलेला असतो आणि काही वर्षांनी त्याही थकू शकतात. तेव्हा पुढचं काही काळ क्रिएटिनिन, रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं ठरावीक अंतराने तपासत राहा. आणि कापणीनंतर अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी बाबांना परस्पर देऊ नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी घोणस चावून डायलिसिस झालं होतं, हे आधी सांगा.