यूकेला जाताय आणि मुलीच्या डिसॅबिलिटी बेनिफिटचं विचारलंत, म्हणून जरा सविस्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना इंग्लंडमध्ये नर्सचा जॉब लागलाय, मुलगी ७ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, युडीआयडी कार्डावर (आपलं अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) ७० टक्के, तर तिकडे गेल्या गेल्या तिला सरकारी पैसे चालू होतील का. नाही होणार. हे आधी धरून चाला आणि मगच घरखर्चाचा हिशोब मांडा, कारण एजंट लोक "तिकडे सगळं सरकार बघतं" म्हणून मोकळे होतात.

हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा असो नाहीतर साधा स्किल्ड वर्कर, त्यावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत, अशी अट असते आणि डिपेंडंट म्हणून येणाऱ्या पोरीलाही तीच लागू होते. १६ वर्षांखालच्या मुलांचा अपंगत्व भत्ता म्हणजे डीएलए, त्यानंतरचा तसाच पीआयपी, तुम्ही नोकरी न करता तिला सांभाळाल त्याचा केअरर्स अलाउन्स, अगदी चाइल्ड बेनिफिटसुद्धा त्या यादीत आहे. "टाकून तर बघू अर्ज" असं करू नका हं, व्हिसाची अट मोडली असं धरलं जाऊ शकतं आणि एक्स्टेंशनच्या वेळी नडू शकतं. ही अट सुटते ती आयएलआर, म्हणजे तिकडे कायमचं राहायची परवानगी, मिळाल्यावर, तो ५ वर्षांनी मिळायचा पण २०२५ मध्ये सरकारनं बहुतेकांसाठी १० वर्षांचा प्रस्ताव आणलाय, तेव्हा निघायच्या आधी गव्ह डॉट यूकेवर ताजं काय ते बघा.

पण म्हणून येऊच नका असं नाही. मुलीच्या उपचारावर किती खर्च होईल हे बघून यूके व्हिसा नाकारत नाही, टीबीची टेस्ट तेवढी लागते, ऑस्ट्रेलियात मात्र असा अंदाजे खर्च काढतात आणि ८६,००० डॉलरच्या वर गेला की अडचण येते. शिवाय एनएचएसचे (तिकडची सरकारी आरोग्यसेवा) उपचार आणि सरकारी शाळेतली मदत पब्लिक फंडात धरत नाहीत. मिस्टरांचा हेल्थ अँड केअर व्हिसा असेल तर हेल्थ सरचार्ज (व्हिसासोबत भरायची आरोग्यसेवेची फी) ही माफ आहे, हे फार मोठं आहे, बाकीच्यांना मुलामागे वर्षाला ७७६ पौंड पडतात. पोचल्यावर लगेच जीपीकडे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घाला, तो पुढे पाठवेल, पण फिजिओसाठी वेटिंग लांब असतं, तेव्हा तिचे एएफओ (घोट्याला आधार देणारे ब्रेस) भारतातूनच नवीन करून आणा.

शाळेसाठी ईएचसीपी म्हणजे तिला काय काय मदत लागते त्याचा कायदेशीर प्लॅन. तो शाळेनंच मागायला हवा असं काही नाही, आईबाप थेट काउन्सिलला (तिथल्या स्थानिक प्रशासनाला) लिहू शकतात. कायद्यानं ६ आठवड्यांत असेसमेंट करणार की नाही ते सांगावं लागतं आणि सगळं मिळून २० आठवड्यांत प्लॅन. प्रत्यक्षात रखडतं, आमच्याकडेही रखडलं, म्हणून बोलणं फोनवर झालं तरी मागून ईमेल टाकायचाच.

युडीआयडीचा तिकडे उपयोग शून्य, टक्के कोणी विचारतच नाही. उपयोगी पडतात ते टाइप केलेले इंग्रजी रिपोर्ट, एमआरआयची सीडी, फिजिओ आणि शाळेचं पत्र. डॉक्टरांची हातानं लिहिलेली फाइल असेल तर त्यांच्याकडून एक नीट समरी टाइप करून घ्या, निघायच्या गडबडीत नेमकं हेच राहतं.

आता पुढे कधी आयएलआर झाला की डीएलएच्या फॉर्मबद्दल. फॉर्म फोन करून मागवा, ६ आठवड्यांत भरून पाठवला तर फोनची तारीख अर्जाची तारीख धरतात. मुख्य निकष हा की त्याच वयाच्या दुसऱ्या मुलांपेक्षा हिला किती जास्त मदत लागते. इथे आपली माणसं मार खातात, कारण लेकरू काय करू शकत नाही हे लिहायला हात धजत नाही. कपड्यांच्या प्रश्नाला "शर्ट स्वतः घालते" एवढंच लिहून सोडतात. खरं काय असतं, डावा हात बाहीत जात नाही, एकेका बटणाशी झटापट होते, मग रडारड, शेवटी आईच घालते, आणि हे सकाळी, शाळेतून आल्यावर, रात्री अंथरूण ओलं झालं की परत. तेच लिहायचं, किती वेळा, किती मिनिटं. रात्री कूस बदलायला उठत असाल तर तेही, रात्रीच्या मदतीचं वेगळं विचारतात. २०२५-२६ मध्ये दर असे होते, केअरचे आठवड्याला २९.२० ते ११०.४० पौंड आणि चालण्याफिरण्याचे त्यावर वेगळे २९.२० किंवा ७७.०५.

नाही म्हणाले तर एका महिन्याच्या आत 'मँडेटरी रीकन्सिडरेशन', म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागायचं, त्यातही नाही झालं तर ट्रायब्युनल आहे, त्याला फी नाही.

आणि हो, भारतातली ८०डीडीची (अपंग मुलाच्या उपचार-देखभालीसाठीची) टॅक्स सवलत फक्त रेसिडेंटला आहे, एनआरआय झालात की ती जाते, सीएला आधीच विचारून ठेवा.